मागचा वायपर बदलताना: माप नंतर, आधी जोड बघा

परवा भाचा गाडी दाखवायला आला. नवी म्हणजे त्याच्यासाठी नवी, सेकंड हँड एसयूव्ही. धुऊन-पुसून चकचकीत केलेली, खरं मागच्या काचेवर तांबड्या मातीची अर्धगोल रांगोळी. "मामा, वायपर फिरूलालाय ओ, खरं काच पुसंना," म्हणाला. वाकून बघितलं तर चार बोटं रबर सुटून लोंबत होतं आणि त्या जागी ब्लेडची पत्री काचेला घासत होती. अजून आठवडाभर तसाच फिरवला असता तर काचेवर कायमचा ओरखडा उठला असता.

"एवढ्यासाठी सर्व्हिस सेंटरला जाऊ काय?" जायची काही गरज नाही. योग्य ब्लेड हातात असेल तर काम दहा मिनिटांचं आहे. सगळी फजिती होते ती योग्य ब्लेड आणण्यात. त्याला त्या दिवशी अंगणात जे दाखवलं तेच इथं लिहितो. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने लिहिलंय त्याच क्रमाने जावं.

"मागं कॅमेरा हाय की, वायपर पाहिजेच कशाला?" हाही प्रश्न त्याने विचारला. कॅमेऱ्याची भिंग नखाएवढी, आणि चिखल उडतो तो तिच्यावरही उडतोच. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीवरून कणकुंबीकडे पावसात निघालात, पुढे चोर्ला घाटाच्या वळणावर समोरून ट्रक आला आणि तुम्हाला मागे घ्यायची वेळ आली, म्हणजे काच स्वच्छ असण्याची किंमत कळते. त्या धुक्यात आरशात फक्त तांबडं दिसत असेल तर खाली उतरून कुणाला तरी हात दाखवायला लावावा लागतो.

मागची काच पुढच्यापेक्षा जास्त का माखते, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एसयूव्हीची पाठ उभी कापल्यासारखी असते. गाडी पळते तेव्हा हवा छतावरून आणि दोन्ही बाजूंनी सुटून जाते आणि पाठीमागे कमी दाबाची पोकळी राहते. ती भरायला हवा भोवऱ्यासारखी आत वळते आणि येताना चाकांनी उडवलेला चिखल, धूळ, सगळं काचेवर आणून थापते. पुढच्या काचेवर पाऊस थेट आपटतो, निम्मं काम तोच करतो. मागच्या काचेवर पाऊस कमी आणि माती जास्त. म्हणून मागचा वायपर बहुतेक वेळा पाणी पुसत नाही, कोरडी माती घासतो. डिकी वेगळी असलेल्या सेडानला हा त्रास कमी, त्यामुळे त्यांतल्या बहुतेकांना मागचा वायपर दिलेलाच नसतो.

आपल्या भागात तर ब्लेडला दोन तऱ्हेचं मरण आहे. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात ते चिखलाने मरतं. जांभ्या दगडाची ती बारीक खर रबराच्या धारेत रुतते आणि धार कुरतडल्यासारखी होते. अथणी, रायबागकडे पाऊस कमी आणि ऊन भारी. तिथं रबर वापराविना वाळतं, कडक होतं आणि वळवाच्या पहिल्या सरीला किर्र करून ओरडतं. निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवतात तेव्हाची काजळी काचेवर बसते, ती आणखी वेगळी. एकाच जिल्ह्यातल्या दोन गाड्यांची ब्लेडं शेजारी ठेवली तर कुठली गाडी कुठल्या बाजूची आहे हे मी सांगू शकेन, असं मला उगाच वाटतं.

आधी ब्लेड खरंच गेलंय का ते बघा

नवं आणायला पळण्याआधी एक ओलं फडकं घ्या. वायपरची दांडी हलक्या हाताने थोडी उचला, रबराच्या धारेवरून फडकं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढा. काळं आणि तांबडं निघत राहील. फडकं बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंत पुसा. मग काच साबणाच्या पाण्याने धुवा आणि वायपर फिरवून बघा. दहातल्या तीन-चार तक्रारी इथंच मिटतात, हा माझा अनुभव.

मिटली नाही तर काचेवर काय उमटतं ते नीट बघा. बारीक केसासारख्या रेघा राहत असतील तर रबराची धार तुटलीय. चार बोटं रुंद पट्टा तसाच न पुसता राहत असेल तर रबर नव्हे, दांडी वाकलीय किंवा तिच्या स्प्रिंगमधला दाब गेलाय. त्याला नवं ब्लेड लावून काही होणार नाही. वायपर थरथरत, उड्या मारत जात असेल तर काचेवर तेलकट थर असण्याची शक्यता जास्त. मोटरचा आवाज येतो पण दांडी जागची हलत नाही, असं असेल तर दांडीच्या बुडाशी टोपणाखाली जो नट असतो तो बहुधा ढिला झालाय. आणि वायपर, काच गरम करणाऱ्या तारा, नंबर प्लेटचा दिवा हे सगळं एकदम बंद पडलं असेल तर ब्लेडकडे बघूसुद्धा नका. मागचं दार आणि छत यांच्यामध्ये जी रबरी नळी असते तिच्यातून वायरी जातात. दार उघडून-मिटून त्या आत तुटतात. ते इलेक्ट्रिशियनचं काम.

दुकानात जाण्याआधी

आता मुख्य गोष्ट. पुढचा वायपर घेताना लोक माप सांगतात आणि काम होतं, कारण बहुतेक गाड्यांच्या पुढच्या दांडीला एकाच तऱ्हेचा आकडा असतो, छत्रीच्या मुठीसारखा. मागच्या वायपरला हा नियम लागू नाही. तिथं कंपनीगणिक, कधी कधी एकाच गाडीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलगणिक ब्लेड आणि दांडीचा जोड बदलतो. म्हणून आधी जोड बघायचा, माप नंतर.

मी स्वतः हे शिकलो ते दोन फेऱ्या मारून. पहिल्यांदा "बारा इंची द्या" म्हणून ब्लेड घेऊन आलो, बारा इंच बरोबर होतं, लॉक मात्र दुसऱ्याच जातीचं. परत गेलो, तर दुकानदार म्हणाला, पाकीट फोडलंय, आता परत घेत नाही. त्याचंही चुकलं नव्हतं. ते ब्लेड अजून माझ्या माळ्यावर आहे.

ढोबळ मानाने तीन जाती. पहिली आकड्याची. जुन्या गाड्यांना, लोखंडी सांगाड्याच्या ब्लेडला ही असते. दुसरीत दांडीच्या टोकाला आडवी पिन असते आणि ब्लेड तिच्यात कुशीवरून बसतं. तिसरी आजकालच्या एसयूव्हींना सर्वात जास्त. यात दांडीच्या टोकाला प्लास्टिकचा चिमटा असतो आणि ब्लेडच्या मध्यावर एक छोटा आडवा दांडका. चिमटा त्या दांडक्याला पकडतो, ब्लेड त्याच्यावरच गोल वळतं. बाजारात "सगळ्या गाड्यांना चालतं" म्हणून जी ब्लेडं मिळतात ती बहुधा पहिल्या जातीसाठी असतात. तिसऱ्या जातीच्या जोडाला ती बसत नाहीत. कितीही जोर लावा, चिमटा तेवढा तुटेल.

तेव्हा एक तर जुनं ब्लेड काढून पिशवीत घालून दुकानात न्या, नाही तर मोबाईलवर जोडाचे दोन फोटो काढा, एक वरून आणि एक कुशीवरून. गाडीचं मॉडेल, साल आणि व्हेरियंट सांगा. चिकोडी, गोकाककडच्या दुकानात कन्नडमधून मागायची वेळ आली तर "हिंदिन वायपर" म्हणा. हिंदिन म्हणजे मागचा, मुंदिन म्हणजे पुढचा. भाच्याला पहिल्यांदा वाटलं दुकानदार हिंदीबद्दल काहीतरी विचारतोय.

माप घेताना दांडी मोजू नका, रबर मोजा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुकानात सगळं इंचातच चालतं. मागचं ब्लेड साधारण १० ते १६ इंचांच्या दरम्यान असतं, १२ आणि १४ जास्त करून. १२ इंच म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर आणि १४ म्हणजे ३५५, पाकिटावर मिलिमीटर छापले असतील तर उपयोगी पडेल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेणारी आमची मंडळी वायपर घ्यायला निघाली की वितीने मोजतात, त्यांना हे मुद्दाम सांगतो. नेमकं माप मिळालंच नाही तर इंचभर आखूड चालून जातं. लांब मात्र घेऊ नका. काचेच्या कडेच्या पट्टीला किंवा वरच्या स्पॉयलरला, म्हणजे छताच्या मागच्या कडेला बाहेर आलेल्या पट्टीला, आपटत राहील.

लोखंडी सांगाडा धड असेल तर नुसतं रबरही बदलता येतं. सांगाड्याच्या पकडीतून जुनं रबर ओढून काढायचं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या पातळ पट्ट्या नव्या रबराला लावायच्या आणि परत सरकवायचं. स्वस्तात होतं. खरं त्या पट्ट्यांची खाच कुठल्या बाजूला होती हे विसरलात तर रबर चालता चालता बाहेर येतं. पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खं ब्लेडच घ्यावं, असं माझं मत.

प्रत्यक्ष बदलताना

गाडी सपाट जागेवर, सावलीत लावा. हँडब्रेक ओढा. चावी बंद करून काढून खिशात ठेवा. बटणावर चालू होणारी गाडी असेल तर रिमोट घरात ठेवा. हे उगीच सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत पुढचा वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की मागचा आपोआप फिरतो. कुणी पोराने आत बसून खेळ केला तर तुमची बोटं तिथं असतील.

मागचं दार बंदच ठेवा. उघडं दार हलतं आणि दांडी भलत्याच कोनात येते.

आता एक जाड टॉवेल चौघडी करून काचेवर ठेवा, बरोबर दांडीच्या खाली. ही पायरी कुणी म्हणजे कुणी करत नाही. मीही करत नव्हतो. एकदा ब्लेड काढून दांडी तशीच उभी ठेवली आणि फोन वाजला म्हणून वळलो, तर मागे "खाड्" असा आवाज. स्प्रिंगने दांडी काचेवर आपटली होती. काच वाचली, माझं नशीब, खरं काळजाचा ठोका चुकला. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा, त्यामुळे तडा गेला तरी ती जागेवर राहते. मागची काच बहुतेक गाड्यांत टफन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली असते. ती तडकत नाही. फुटली तर एकदम सगळी, साबुदाण्याचं पोतं फुटावं तशी. शंभर-दोनशेच्या कामात हजारोंचा खड्डा.

दांडी उचला. मागच्या दांड्या पुढच्यासारख्या सरळ उभ्या राहतीलच असं नाही. काही थोड्याशा उचलतात आणि सोडलं की परत येतात. अडतेय तिथं थांबा, ताण देऊ नका. काहींना बुडाशी एक टोपण असतं, ते आधी वर करावं लागतं, नाही तर ते दांडीत अडकून चिरतं. दांडी स्पॉयलरला अडत असेल तर सोपी युक्ती अशी: टॉवेल बाजूला काढा, चावी चालू करून वायपर फिरवा आणि तो अर्ध्या वाटेवर असताना चावी बंद करा, मग चावी परत खिशात आणि टॉवेल परत दांडीखाली. ब्लेड मधेच थांबतं आणि हात घालायला जागा होते. २०२३ नंतरच्या नेक्सॉनसारख्या काही गाड्यांत वायपर स्पॉयलरच्या खाली लपवलेला असतो. तिथं आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा, अंदाजाने ओढू नका.

डाव्या हाताने दांडी धरा आणि काम संपेपर्यंत तो हात सोडू नका. उजव्या हाताने ब्लेड.

चिमट्याची जात असेल तर ब्लेड दांडीपासून बाहेरच्या बाजूला गोल वळवा, दोघांचा काटकोन होईपर्यंत. थोडा अडेल, मग "टक्" होईल. तिथं सरळ बाहेर ओढा. आकड्याची जात असेल तर जोडावरची छोटी जीभ दाबून धरा, ब्लेड दांडीच्या बुडाच्या दिशेने खाली सरकवा, आकडा मोकळा झाला की बाजूला काढा. पिनेची असेल तर बारकी कळ दाबून ब्लेड बाजूला खेचायचं. कुठल्याही जातीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. चार पावसाळे खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. ब्लेड हटत नसेल तर जोडावर कोमट पाणी ओता, माती विरघळते, आणि परत प्रयत्न करा. आमच्या भाच्याच्या गाडीचा जोड मातीने इतका भरला होता की जुना टूथब्रश लागला.

जुनं ब्लेड फेकू नका. नवं त्याच्या शेजारी ठेवून जुळवा: लांबी, जोड, कुठली बाजू वर. मागच्या ब्लेडांना कधी कधी जोड मध्यावर नसतो, एक बाजू लांब असते. उलटं बसलं तरी लॉक होतं आणि मग काच अर्धीच पुसते.

ब्लेड निघालंय तोवर त्याखालची काच धुऊन घ्या. ब्लेड जिथं विसावतं तिथं चिखलाची एक रेघ दगडासारखी घट्ट झालेली असते, ती तशीच ठेवली तर नव्या रबराचा पहिलाच फेरा तिच्यावरून जाईल. आतल्या बाजूने पुसताना मात्र जपून. आत ज्या आडव्या तांबूस रेघा दिसतात त्या काच तापवणाऱ्या तारा. रेघांच्या दिशेने, मऊ फडक्याने पुसा. नख, दाढीचं ब्लेड, घासणी काहीही लावू नका. एक रेघ तुटली की ती रेघ गेली.

पाणी फवारणारं भोकही बघून घ्या. ते वरच्या ब्रेक लाइटच्या आसपास किंवा दांडीच्या बुडाशी असतं. तांबडी माती तिथंही बसते. शिवणाच्या सुईने हलकेच मोकळं करा. बऱ्याच गाड्यांत पुढचं आणि मागचं पाणी बॉनेटखालच्या एकाच टाकीतून येतं. पुढे फवारा येतोय आणि मागे येत नाही, तर टाकी भरत बसू नका, बहुधा भोक किंवा नळी तुंबलीय.

आता नवं ब्लेड. काढलं त्याच्या उलट क्रमाने. चिमट्याला काटकोनात टेकवायचं, आत दाबायचं, "टक्" ऐकायचं आणि मग दांडीला समांतर फिरवायचं. आकड्याला जोड अडकवून वरच्या बाजूला ओढायचं, जीभ आपोआप बसते. बसल्यावर हलकं ओढून बघा. निघून आलं तर चोर्ल्यात जाऊन निघण्यापेक्षा अंगणात निघालेलं बरं. काही नव्या रबरांवर पातळ प्लास्टिकची टोपी असते, ती काढा. हसू नका, ती न काढता "नवीन ब्लेड बोगस आहे" म्हणून दुकानदाराशी भांडलेला माणूस माझ्या ओळखीत आहे.

टॉवेल काढा आणि दांडी हाताने धरून सावकाश काचेवर टेकवा. काच ओली करा. मगच वायपर चालू करा, चार-पाच फेरे. नव्या रबराला पहिल्या दोन फेऱ्यांत एखादी रेघ राहिली तर घाबरू नका. पाचव्यालाही राहत असेल तर ब्लेड वाकडं बसलंय.

बसवल्यानंतर

मागच्या वायपरला एकच सवय लावा: आधी पाणी, मग वायपर. कोरड्या मातीवर तो एकदाही फिरवू नका. हिवाळ्यात पहाटे काच दवाने माखलेली असते तेव्हाही आधी फवारा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रबर ओल्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात आंब्याखाली गाडी लावत असाल तर चीक रबरावर बसू देऊ नका.

बदलायची वेळ म्हणाल तर वर्षातून एकदा पुरे, घाटात रोजची जा-ये असेल तर जरा लवकर. आम्ही घरी मृग लागायच्या आधी, म्हणजे मे संपता संपता बदलतो. पेरणीच्या तयारीत लक्षात राहतं म्हणून. जूनमध्ये पाऊस धरला की दुकानात नेमकं तुमच्याच गाडीचं संपलेलं असतं.

आणि पावसाळ्याआधी गाडीखाली ऑइल किंवा डिझेल मारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा फवारणाऱ्याला आधीच सांगा की मागच्या काचेवर गोणपाट टाक. तो फवारा उडून काचेवर आणि रबरावर बसतो. तेलाने रबर फुगतं, काचेवर चंदेरी थर येतो आणि पहिल्या पावसात सगळं धूसर दिसायला लागतं. असं झालंच असेल तर भांड्यांच्या साबणाने काच दोनदा धुवा, रबर त्याच साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, आणि रॉकेल किंवा पेट्रोलचा बोळा मात्र तिकडे नेऊ नका.